दोन दिवसांचा उशीर

हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली पिंपरीत उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवात बहुतेक जण इथूनच करतात. त्याच सुमारास, जवळच्याच पुण्यात, कचऱ्याच्या ढिगांवर उगवलेलं एक परकं झुडूप वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांच्या नजरेस आलं आणि १९५६ साली त्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. तेच पार्थेनियम, आपलं गाजर गवत किंवा काँग्रेस गवत. पेनिसिलिनने असंख्य जीव वाचवले, गाजर गवताने शेतं आणि मोकळे प्लॉट व्यापले. कातडीला मात्र ही दोन्ही एकाच पद्धतीने भिडतात. पेनिसिलिनचा रेणू आणि गवतातला पार्थेनिन, दोघेही इतके लहान की प्रतिकारशक्ती एरवी त्यांची दखलही घेणार नाही. पण दोघेही शरीरातल्या प्रथिनांना घट्ट चिकटतात. पेनिसिलिन लायसिन या अमिनो आम्लाला धरतं, पार्थेनिन सिस्टीनमधल्या गंधकाला. चिकटले की आपलंच प्रथिन आपल्याच पेशींना परकं वाटू लागतं. अशा लहान, चिकट रेणूंना शास्त्रात हॅप्टेन म्हणतात, आणि या पुस्तकाचा बराचसा भाग हॅप्टेनभोवतीच फिरतो.

हा विषय मराठीत आणायची गरज काय, असा प्रश्न वाचकाला पडू शकतो. कातडीच्या विकारांबद्दल आपल्याकडे बोललं पुष्कळ जातं. इसब, नायटा, गजकर्ण, गांधी, अंगातली उष्णता, बिघडलेलं रक्त. वांगं बंद करा, आंबट सोडा, मासे नकोत, हे पथ्यही लगेच सांगितलं जातं. या सगळ्यात राहून जाते ती एकच गोष्ट, वेळ. समजा, भोसरीच्या एखाद्या शॉपमध्ये काम करणाऱ्या ऑपरेटरला सोमवारी नवे रबरी हँडग्लोव्हज मिळाले. मनगटाला खाज सुटते बुधवारी रात्री. साहजिकच तो बुधवारी काय खाल्लं ते आठवतो. घरातलेही तेच विचारतात. सोमवारचे ग्लोव्हज कुणाच्या डोक्यातही येत नाहीत, आणि गुरुवारी तो तेच पुन्हा घालतो. ॲलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे स्पर्शाने होणारा ॲलर्जीचा इसब, हा उशिरा येणारा आजार आहे. साधारण एक ते तीन दिवसांचा हा उशीर का होतो, तेवढ्या वेळात कातडीत कोणत्या पेशी काय करत असतात, हे समजलं नाही तर खरं कारण हाती लागत नाही. माणूस वांगी सोडतो आणि ग्लोव्हज रोज घालत राहतो.

हा उशीर पहिल्यांदा पद्धतशीरपणे वापरला तो योसेफ यादासोन या त्वचारोगतज्ज्ञाने, १८९५ साली. पाऱ्याच्या मलमाने ज्यांच्या कातडीवर पुरळ उठलं होतं अशा रुग्णांच्या निरोगी कातडीवर त्याने तेच औषध पट्टीखाली लावून ठेवलं आणि दाह मुद्दाम घडवून दाखवला. हीच पॅच टेस्ट. तत्त्व तेच ठेवून ती आजही केली जाते. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्यानंतर अकरा वर्षांनी, १९०६ मध्ये, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने दिला. म्हणजे चाचणी आधी आली आणि नाव मागून.

पुढची काही दशकं या क्षेत्रात दोन वाटा होत्या. एक वाट रक्ताची. १९२१ साली प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. क्युस्टनरला माशांची ॲलर्जी होती. त्याच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झने स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि काही मिनिटांत तिथे गांधी उठली. ॲलर्जी रक्तातल्या कुठल्यातरी द्रव्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे सिद्ध झालं. ते द्रव्य म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड, हे कळायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. डेन्व्हरमध्ये इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. दुसरी वाट पेशींची. कार्ल लँडस्टायनर, ज्याने आपल्याला रक्तगट दिले, त्याने १९३० च्या दशकात गिनीपिगवर साध्या रसायनांचे प्रयोग केले. जी रसायनं प्रथिनांशी जोडली जातात तीच कातडीला ॲलर्जिक बनवतात, हे त्याने दाखवलं. मग १९४२ साली लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी निर्णायक गोष्ट सांगितली. ही उशिरा येणारी ॲलर्जी रक्ताच्या द्रवातून दुसऱ्या प्राण्यात जात नाही, पांढऱ्या पेशींबरोबर मात्र जाते. हे काम करणाऱ्या टी पेशींचं नावही तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

१९६३ साली जेल आणि कूम्ब्स यांनी या दोन्ही वाटा एका वर्गीकरणात बसवल्या. पहिल्या प्रकारात आयजीई आणि मास्ट पेशी. दाह मिनिटांत सुरू होतो, गांधी उठते, काही तासांत बसते. चौथ्या प्रकारात टी पेशी. दाह दिवसांत येतो, आठवडे टिकतो, पाणी सुटतं, कातडी जाड होते. वैद्यकाचे विद्यार्थी हे वर्गीकरण आजही पाठ करतात. मला ते उपयुक्त वाटतं, पण त्याची चौकट फार कडक धरली जाते. प्रत्यक्ष कातडीत दोन्ही प्रकारच्या पेशी एकत्र नांदतात, आणि एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात.

आता त्या उशिराकडे येऊ. क्रोमियमचं उदाहरण घेऊ, कारण सिमेंट, प्लेटिंग आणि कमावलेलं चामडं या तिन्ही ठिकाणी ते असतं आणि आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात तिन्ही गोष्टी हाताळणारे हात भरपूर आहेत. षट्संयुजी क्रोमियम कातडीच्या वरच्या थरातून सहज आत जातं. आत गेल्यावर त्याचं त्रिसंयुजी रूप होतं, आणि ते प्रथिनांना धरून बसतं. त्या गडबडीत वरच्या थरातल्या पेशी, केरॅटिनोसाइट, धोक्याचे रासायनिक इशारे सोडतात. त्याच थरातल्या लँगरहान्स पेशी आणि त्यांच्या खालच्या थरातल्या डेंड्रायटिक पेशी हा बदललेला माल उचलतात, कातडीतली आपली जागा सोडून लसीकावाहिन्यांतून जवळच्या गाठीकडे निघतात. हाताचा आजार असेल तर काखेतल्या गाठीकडे. तिथे लाखो टी पेशींपैकी ज्या मोजक्या पेशींना नेमका हा आकार ओळखता येतो, त्यांना ती ओळख पटवली जाते. त्या वाढू लागतात. हे शिक्षण पूर्ण व्हायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात आणि या काळात कातडीवर बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ‘इतकी वर्षं हेच काम करतोय, तेव्हा काही झालं नाही’ हा कामगाराचा युक्तिवाद खराच असतो, पण त्यातून ॲलर्जी नाही असं ठरत नाही. शिक्षण पहिल्या महिन्यात होऊ शकतं आणि पंधराव्या वर्षीही.

एकदा शिकलेल्या टी पेशी मग कातडीत परततात. निरोगी माणसाच्या कातडीत सुमारे दोन हजार कोटी टी पेशी असतात, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या टी पेशींच्या जवळजवळ दुप्पट. हा आकडा २००६ साली बाहेर आला तेव्हा अनेकांना धक्का बसला. पुढच्या स्पर्शाला या पेशी जागच्या जागी माल ओळखतात, इंटरफेरॉन-गॅमासारखे संदेश सोडतात, रक्तातून आणखी पेशी बोलावतात, केरॅटिनोसाइटना मारतात. पेशींमधल्या फटीत पाणी साचतं आणि बाहेर बारीक फोड दिसतात. एवढं सगळं घडून यायला एक-दोन दिवस जातात. उशीर असतो तो इतकाच. आणि दाह ओसरला तरी काही टी पेशी त्याच जागी मुक्कामाला राहतात. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली जुना चट्टा होता, नवा चट्टाही तिथेच उठतो, त्याचं कारण या मुक्कामी पेशी.

ही कथा सांगताना मी ती सरळ रेषेत मांडली, पण तज्ज्ञांमध्ये ती सरळ नाही. लँगरहान्स पेशीचंच पाहा. पॉल लँगरहान्सने १८६८ साली, विद्यार्थी असताना, सोन्याच्या क्षाराने रंगवून त्या कातडीत पाहिल्या आणि त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असं मानलं. शतकभराने त्यांना प्रतिकारशक्तीच्या पहारेकऱ्यांचा मान मिळाला. मग २००५ साली तीन प्रयोगशाळांनी उंदरांमधून या पेशी काढून टाकून पाहिल्या. एकीत ॲलर्जी कमी झाली, दुसरीत वाढली, तिसरीत काहीच फरक पडला नाही. म्हणजे ज्या पेशीला आपण ॲलर्जी शिकवणारी समजत होतो ती कदाचित काही वेळा ॲलर्जी दाबणारीही असते. हा वाद आजही मिटलेला नाही. या पुस्तकाने तो लपवलेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

निकेलचा किस्सा याहून विलक्षण आहे. नकली दागिने, जीन्सचं बटण, पट्ट्याचं बक्कल, स्पॅनर, प्लेटिंग केलेले पार्ट, सगळीकडे निकेल. जगभर स्पर्शाच्या ॲलर्जीत त्याचा क्रमांक अगदी वरचा. पण साध्या उंदराला निकेलची ॲलर्जी सहजी होत नाही, आणि हे कोडं बरीच वर्षं पडून होतं. २०१० साली उत्तर मिळालं. माणसाच्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा एक रिसेप्टर असतो, त्याचं खरं काम जिवाणू ओळखण्याचं. माणसात त्यावरच्या काही विशिष्ट हिस्टिडिनमुळे निकेल त्याला थेट चिकटतं आणि जिवाणू आल्याची खोटी वर्दी देतं. उंदराच्या रिसेप्टरवर ते हिस्टिडिन नाहीत. म्हणजे निकेल स्वतःच हॅप्टेनही आहे आणि धोक्याचा इशाराही. उंदरावरून माणसाबद्दल बोलताना किती जपावं लागतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

धोक्याचा हा इशारा आला की सीएनसी आणि व्हीएमसी मशीनवरच्या कामाचा संदर्भ येतोच. कटिंगच्या वेळी जे पांढरं, दुधाळ कूलंट वाहतं ते पाण्यातलं तेलाचं मिश्रण. ते अल्कधर्मी असतं, कातडी मुळात किंचित आम्लधर्मी. दिवसभर त्यात भिजलेल्या बोटांच्या बेचक्यांतली चरबी धुऊन जाते, बारीक भेगा पडतात. कूलंट सडू नये म्हणून त्यात जंतुनाशकं घातलेली असतात, त्यातली काही फॉर्माल्डिहाइड सोडणारी, काही आयसोथायाझोलिनोन गटातली, आणि हे दोन्ही गट नावाजलेले हॅप्टेन. शिवाय कापलेल्या धातूतलं निकेल आणि कोबाल्ट हळूहळू त्यात विरघळतं. कूलंटची बदली लांबली की टाकीत जंतू वाढतात, वास सुटतो आणि वरून आणखी जंतुनाशक ओतलं जातं. आधी नुसती चिरचिर, कोरडेपणा, जळजळ. याला इरिटंट डर्मटायटिस म्हणतात. त्यात टी पेशींचं शिक्षण नसतं आणि कामाच्या जागचे बहुतेक हाताचे आजार याच प्रकारचे. पण फाटलेल्या कातडीतून हॅप्टेन सहज आत जातो, आणि जखमी केरॅटिनोसाइट सोडत असलेले इशारे शिक्षणाला पोषक ठरतात. इरिटंटकडे दुर्लक्ष झालं की ॲलर्जीची पायवाट तयार होते. हाताला सुटीच्या दिवशी आराम पडतो आणि सोमवारी तो पुन्हा बिघडतो, त्या टप्प्यावरच लक्ष द्यायला हवं. तेव्हा ते स्वस्तात होतं. टी पेशी शिकल्यावर ऑपरेटरला मशीनच बदलावं लागतं.

लहानपणापासूनच्या ॲटॉपिक इसबाचा इथे ओझरता उल्लेख पुरे, कारण त्यावर मराठीत थोडंफार लिखाण आहे. फिलॅग्रिन हे प्रथिन कातडीचा बाहेरचा थर बांधतं. त्याच्या जनुकातला दोष २००६ साली या आजाराशी जोडला गेला आणि ‘आधी बांध फुटतो, मग प्रतिकारशक्ती बिघडते’ असं मानणाऱ्यांचं पारडं जड झालं. उलट बाजूच्या लोकांनी आयएल-४ आणि आयएल-१३ या संदेशांकडे बोट दाखवलं. त्यांचा मार्ग अडवणारं डुपिलुमॅब २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि खाजेने रात्रीची झोप उडालेल्या माणसांना झोप लागू लागली. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे.

पुण्याचा वाटा मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही. गाजर गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाची ओळख वैद्यकजगताला करून देणारा १९७४ सालचा निबंध लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांचा. १९७६ साली लोणकर, नागसंपगी आणि सहकाऱ्यांनी त्या झाडातल्या ॲलर्जी घडवणाऱ्या द्रव्याचा शोध मांडला. या आजाराचं रूप लक्षात राहण्यासारखं आहे. पापण्या, चेहरा, मानेचा मागचा भाग, कोपराचं लवण. झाडाला हात लावावाच लागतो असंही नाही. वाळलेल्या झाडावरचे सूक्ष्म केस तुटून धुळीबरोबर उडतात आणि उघड्या कातडीवर बसतात. चाकणच्या एमआयडीसीतल्या रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यानंतर पांढऱ्या फुलांचं जे रान माजतं, त्याच्या कडेने रोज दुचाकीवरून जाणाऱ्याला एवढं पुरतं. काही रुग्णांत पुढे ऊनसुद्धा सोसेनासं होतं. लँडस्टायनरच्या गिनीपिगपासून सुरू झालेली कथा पुण्याच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत येऊन पोचते ती अशी.

बिब्ब्याला विसरून चालणार नाही. धोब्यांनी कपड्यांवर घातलेल्या बिब्ब्याच्या खुणांनी दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या माना आणि कमरा सुजल्या आणि १९४३ साली त्यावर अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. आपल्या आज्यांना बिब्बा कुणाला ‘उततो’ आणि कुणाला नाही हे चांगलं ठाऊक होतं.

निदानाची चाचणी आजही यादासोनचीच आहे, आणि ती नीट करणं वाटतं तितकं सोपं नाही. पाठीवर कागदी चिकटपट्टीने ॲल्युमिनियमच्या छोट्या वाट्या बसवतात, प्रत्येकीत एक संशयित द्रव्य. भारतीय मालिकेत निकेल, पोटॅशियम डायक्रोमेट, रबरातली रसायनं यांच्याबरोबर पार्थेनियमही असतं, जे परदेशी मालिकांमध्ये सहसा सापडत नाही. अठ्ठेचाळीस तास आंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. मग पट्ट्या काढून पहिलं वाचन, आणि एक-दोन दिवसांनी दुसरं. दुसरं वाचन टाळलं तर उशिरा उठणाऱ्या प्रतिक्रिया हुकतात. आता एप्रिल-मेमधल्या चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ-बारा तासांची शिफ्ट करणाऱ्या ठेक्यावरच्या कामगाराला हे कसं जमावं? चार दिवसांत तीन खेपा, प्रत्येक खेपेला एक खाडा. त्यात आधी कुठूनतरी आणलेलं स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम तो लावत असतो. २०१८ साली सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणलं, तरी सवय मोडलेली नाही. स्टिरॉइड टी पेशींना गप्प करतं, त्यामुळे चाचणीही गप्प बसू शकते. त्या मलमातल्या निओमायसिनची तर स्वतंत्र ॲलर्जी होते.

कायद्याला हा आजार माहीत आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या तिसऱ्या अनुसूचीत रसायनं आणि रंगांच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग नोंदवण्याजोगा आजार म्हणून आला, आणि त्याचे इरिटंट आणि ॲलर्जिक हे दोन प्रकारही तिथे वेगळे सांगितले गेले. तसा रुग्ण आढळला की कळवणं ही व्यवस्थापकाची आणि डॉक्टरचीही जबाबदारी ठरली. पण नोंद करायची तर आधी ओळखता यायला हवं. नोकरी जाईल या भीतीने कामगार हात लपवतो, डॉक्टर ‘फंगल’ लिहून मोकळा होतो, आणि आजाराची मोजदादच होत नाही. मला यात सर्वांत जास्त खटकतं ते असं की विज्ञान तयार आहे. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधल्या षट्संयुजी क्रोमियमवर दोन पीपीएमची मर्यादा घातली, फेरस सल्फेट मिसळून ती पाळता येते. काय करायचं हे कळायला टी पेशीचा अभ्यास लागला, करायला मात्र एक क्षार पुरला.

पुढे काय, याचंही सूतोवाच हवं. शिकलेली टी पेशी विसरवता येईल का? चेस यांनी १९४६ साली दाखवलं की गिनीपिगला एखादं रसायन आधी खाऊ घातलं तर नंतर त्याच रसायनाची कातडीची ॲलर्जी रुजत नाही. नियंत्रक टी पेशी दाह दाबतात हे आता माहीत आहे. आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआयमध्ये गाजर गवताचा अर्क तोंडावाटे देऊन पाहिला गेला आणि २००१ साली त्यावर निबंध आला. काही रुग्णांना फायदा झाला, पण हा उपचार सर्रास रुजला नाही. दीर्घकाळचे रुग्ण आजही बहुधा ॲझाथायोप्रिनसारख्या जुन्या, तुलनेने स्वस्त औषधावर असतात. त्यांना रक्ताच्या तपासण्या चुकवता येत नाहीत.

हे पुस्तक कुणासाठी आहे, ते आता सांगतो. जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, कारखान्यांतले वैद्यकीय अधिकारी, सेफ्टी ऑफिसर, परिचारिका, बारावीनंतर जीवशास्त्राची गोडी टिकवून असलेले विद्यार्थी, आणि आपल्या हाताला हे का होतंय हे जाणून घ्यायची इच्छा असलेला कुणीही. पेशींच्या नावांना घाबरू नये. ती पहिल्या वाचनात ओळखीची झाली नाहीत तरी चालेल, क्रम लक्षात राहिला पाहिजे. कोण आधी येतं, कोण मागून, कोण मुक्कामाला राहतं. लेखकांनी औषधांच्या मात्रांचा तक्ता दिलेला नाही, आणि ते योग्यच केलं. उपचाराचं पुस्तक वेगळं असतं. त्यांनी प्रत्येक ठिकाणी एकच आग्रह धरला आहे: चट्टा दिसला की मागच्या तीन दिवसांत हाताला काय लागलं ते विचारा. दुकानातून आलेलं नवं डिटर्जंट, नव्या बॅचचं कूलंट, बदललेल्या कंपनीचे ग्लोव्हज, प्लॉटची साफसफाई. एक छोटी सूचना माझ्याकडून. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या कामाच्या ठिकाणच्या एखाद्या तरी रसायनाची सेफ्टी डेटा शीट मागवून घ्यावी आणि हे पुस्तक तिच्यासोबत वाचावं. त्या कागदाचे सोळा भाग असतात. तिसऱ्यात घटकद्रव्यं असतात, अकराव्यात त्यांचे विषारी परिणाम, आणि कातडीला ॲलर्जिक बनवण्याचा धोका असेल तर तो तिथेच लिहिलेला असतो.